पायाळू आसराबाईच्या पाठीखालची फळी

मित्रांनो, तुम्ही मला बघितलं तर तांब्याभर पाणी पिऊन पुढे जाल, पुन्हा वळून बघणार नाही. जालन्याच्या बाहेर, अंबडकडे जाणाऱ्या वाटेवर एक दवाखाना आहे. त्याच्या मागच्या भिंतीला लागून, दोन दगडांवर मी आडवी पडले आहे आणि माझ्यावर पाण्याचे माठ मांडलेले आहेत. मी लिंबाच्या लाकडाची एक जुनी फळी. निजामाचं राज्य गेलं त्या साली दवाखान्यात नव्या खाटा आल्या आणि मला बाहेर काढलं. त्याआधी कितीतरी वर्षं मी आतल्या मोठ्या खोलीत होते. पाठ धरलेल्या माणसांच्या पाठीखाली.

माझा जन्म बदनापूरच्या अलीकडचा. रेल्वेच्या रुळाशेजारी एका बांधावर आमचं झाड उभं होतं. एका उन्हाळी वावटळीत ते मुळासकट पडलं आणि भुजंग सुतारानं त्याच्या फळ्या काढल्या. एका बुंध्यातून निघालेल्या आम्ही सगळ्या बहिणीच की. एकीचं दार झालं, एक बैलगाडीत बसली. तिला रोज नवा गाव, नवा बाजार. मला वाटायचं, माझा पाळणा व्हावा. पण भुजंगानं मला बोटानं वाजवून बघितलं, हसला, आणि म्हणाला की ही वाकायची नाही, हिला दवाखान्यात देऊ.

दवाखान्यातले डॉक्टरसाहेब हैदराबादहून आलेले. त्यांच्या मराठीत दर वाक्याला एक 'बिलकुल' असायचा. पाठीच्या दुखण्याला चाकू लावायचा नाही, असं त्यांचं मत. माणसं घरी बाजेवर निजतात, बाज झोळीसारखी खोल जाते, मग धरलेली पाठ सुटणार कशी? म्हणून त्यांनी लोखंडी खाटेवर मला टाकलं, वर एक पातळ गोधडी. रोग्यानं माझ्यावर उताणं निजायचं. दोन्ही घोट्यांना कापडी पट्टे, पट्ट्यांना दोऱ्या, त्या दोऱ्या खाटेच्या पायथ्याच्या कप्पीवरून खाली सोडलेल्या, आणि टोकाला वाळूची पिशवी. पायथ्याखाली विटा. वाळू हळूहळू ओढत राही आणि कमरेतला आवळलेला सांधा तसातसा सैल होई. सकाळ-संध्याकाळ गरम वाळूच्या पुरचुंडीचा शेक. औषध असं फारसं नव्हतंच. न हलता पडून राहायचं, हेच औषध.

पण लोक मला भ्यायचे. आमच्याकडे फळीवर कोण निजतं, तर मेलेलं माणूस. बरेच जण मला बघूनच कण्हायचं थांबायचे आणि आता बरं वाटतंय, घरी जातो म्हणायचे.

आसराबाई आली तेव्हा तिनंही तेच केलं. तिला जाफराबादकडच्या एका वाडीहून बैलगाडीत घालून आणलं होतं. धनगराची बाई, उंच, कपाळावर गोंदलेली. पूर्णेच्या गाळात रुतलेली गाभण मेंढी उपसून काढताना तिच्या कमरेत कट्‌ असं वाजलं आणि ती तिथेच गाळात बसली. मेंढी चालत वर आली, बाईला चौघांनी उचलून आणलं. मला बघून ती नवऱ्याला म्हणाली, "मला जित्ती असतानाच फळीवर घेता काय?"

तिचा नवरा धुळाजी. बुटका, मिश्या मोठ्या, खांद्यावर घोंगडी. तो म्हणाला, "नीज गं गुमान. जल्माला येताना उलटी आलीस, निदान दवाखान्यात तरी सुलटी पड."

खोलीतले सगळे हसले. ती पण हसली आणि हसताना कळवळली.

उलटी म्हणजे काय, ते मला मागून कळलं. जन्मताना ज्याचं डोकं नाही, पाय आधी येतात, त्याला पायाळू म्हणतात. पाठीत उसण भरली, चमक निघाली, की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा. पाठ मोकळी होते, असं सगळा मुलूख मानतो. आसराबाई पायाळू होती. तिच्या वाडीला आजूबाजूच्या गावांहून माणसं कमरेत वाकून यायची. ती उजवा पाय लावायची, तीनदा खाली झटकायची. माणसं ताठ होऊन जायची. आता तिचीच पाठ गेली, आणि वाडीत दुसरं पायाळू माणूस नव्हतं. ती म्हणायची, आपल्या पाठीला आपला पाय पोचत न्हाई, तसाच देवानं माणूस केला.

वाळूची पिशवी टांगली, की ती डोळे मिटून बारीक आवाजात ओवी म्हणायची. तिच्या पाठीतून तो आवाज माझ्या अंगात उतरायचा.

पायानं आले जगी, आई म्हने उलटी लेक
साऱ्या गावाच्या पाठीला माझ्या पायाची गं टेक

खरी काळजी पाठीची नव्हती, त्या उजव्या पायाची होती. गुडघ्याखाली तो मुका झाला होता. टोचलं तरी कळत नव्हतं. डॉक्टरसाहेबांनी धुळाजीला समोर उभं करून सांगितलं, की कमरेतली नस दबली आहे. पाय मेला नाही, निजला आहे. नस मोकळी होईपर्यंत बाईनं उठायचं नाही, बसायचं नाही, कुशीवर वळायचं नाही, बिलकुल नाही. मधेच उठली तर हा पाय जन्माचा गेला.

धनगराचं घर पायावर चालतं, मित्रांनो. मेंढरं चालतात, त्यांच्यामागे घर चालतं. धुळाजी त्या पायाकडे बघत म्हणाला की निजू दे किती निजायचं ते, मी येत जाईन. आपला भाऊ रखमाजी याच्यावर मेंढरं सोपवून तो दर बाजाराला खरंच येऊ लागला.

दवाखान्यात इंद्रायणीबाई नावाची नर्स होती. लहानपणी विधवा झालेली, बोलायला कडक, हातानं मऊ. ती रोज सकाळी झाडूची एक काडी घेऊन यायची आणि आसराबाईच्या उजव्या तळव्यावरून टाचेपासून बोटांपर्यंत ओढायची. "कळलं का?" आसराबाई छताकडे बघत म्हणायची, "न्हाई." काडी परत झाडूत. असं रोज.

याच दिवसांत एक गंमत सुरू झाली. आडत बाजारातल्या हमालांना कळलं, की दवाखान्यात एक पायाळू बाई आहे. पोती वाहणाऱ्या पाठी त्या. त्यांना उसण कायमची. नर्सबाई जेवायला गेली, की एखादा हमाल हळूच आत यायचा, खाटेच्या पायथ्याशी पाठ करून उभा राहायचा आणि मागे सरकत सरकत आपली कंबर तिच्या बांधलेल्या तळव्याला टेकवायचा. पाय झटकायला येत नसे, म्हणून तो स्वतःच तीनदा हलायचा आणि हात जोडून पळायचा. मी खाटेपेक्षा वीतभर लांब होते, त्यामुळे त्या सगळ्या कमरा माझ्या टोकालाही लागायच्या.

एकदा इंद्रायणीबाईनं हे पकडलं. ती चिडली. डॉक्टरसाहेबांनी हलू नको म्हणून बजावलंय ना, असं म्हणाली.

आसराबाई म्हणाली, "मी कुटं हालले, बाई? त्योच येऊन लागला."

नर्सबाई तोंडाला पदर लावून बाहेर गेली. त्यानंतर तिचं जेवण जरा लांबू लागलं.

मित्रांनो, आता पुढचं सांगायला माझा जीव होत नाही. पण सांगते.

मुंबईकडून रेल्वेनं गाठीचा ताप आला. लोक त्याला पिलेग म्हणायचे. देशात तो कैक वर्षं फिरत होता. इथून गेला असं वाटायचं आणि पुन्हा यायचा. आधी आडत बाजारात उंदीर पडले. उंदीर पडले की गाव उठतं, ही रीत सगळ्यांना ठाऊक. घरांना कुलपं लागली, माणसं भांडीकुंडी घेऊन रानात गेली, शेताशेतांत पाचटाच्या झोपड्या उभ्या राहिल्या. दवाखान्यातले आमचे रोगीही नातेवाइकांनी उचलून नेले. अंगणाच्या पलीकडच्या टोकाला, चिंचेखाली, तट्ट्यांची शेड उभी राहिली. काखेत नाही तर जांघेत गाठ आलेली माणसं तिकडे नेऊन ठेवत. नोकर पळाले. उरले डॉक्टरसाहेब, इंद्रायणीबाई आणि मच्छिंद्र नावाचा एक थोराड गडी. ते तिघं त्या शेडमध्येच दिवस काढायचे. मोठ्या खोलीत आसराबाई आणि मी.

तिला नेता येत नव्हतं. गाडीच्या एका धक्क्यानं नस तुटली असती. ती बांधलेली, मी तिच्याखाली. शेडमधलं कण्हणं दोघींनाही ऐकू यायचं. काडी रोज तळव्यावरून फिरायची आणि रोज तेच, "न्हाई."

धुळाजीनं यायचं थांबवलं नाही. इंद्रायणीबाईनं त्याला दारातूनच बजावलं होतं, गावात थांबू नको, रानात राहा. पण जाफराबादची वाट लांब. आला म्हणजे तो रिकाम्या बाजारात, बंद आडतीच्या ओट्यावर पाठ टेकायचा. मेलेले उंदीर त्याच ओट्यांखाली होते.

एका दुपारी तो आला. खोलीत कुणी नव्हतं.

"आसरे," तो म्हणाला, "पाठ धरली गं. लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन चाललो व्हतो, तवाच चमक भरली. सारं अंग ठणकून राह्यलं."

"नर्सबाईला दावा की."

"ती बिचारी तिकडं मरणाऱ्यांत हाय. उसण भरल्याली तिला काय दावायची? घरात पायाळू असताना बाहेर कशाला हिंडू? लाव जरा."

त्यानं घोंगडी खाली टाकली, बंडी वर केली आणि खाटेकडे पाठ करून मागे सरकला. तिचा उजवा तळवा त्याच्या उघड्या पाठीला लागला. त्याची कंबर माझ्या टोकाला टेकली.

मित्रांनो, मी लाकूड आहे. गरम वाळूचा शेक मी रोज सोसला आहे. गरम म्हणजे काय, ते मला कळतं. ती पाठ उन्हानं तापलेली नव्हती. आत चूल पेटल्यासारखी ती पाठ होती. पिलेग सुरू होतो तेव्हा आधी पाठ दुखते, अंग मोडून येतं, गाठ मागून वर येते, हे मी शेडकडून येणाऱ्या बोलण्यात कितीदा ऐकलं होतं. मला समजलं. मी कुरकुरलेही असेन. पण फळी कुरकुरली तर माणसं म्हणतात, फळी जुनी झाली.

"लागला का?" आसराबाई विचारत होती. "मला कळत न्हाई. तुमीच सांगा."

"लागला. गारगार वाटलं बघ."

"अजून जरा टेकून ऱ्हावा मंग."

तो टेकून राहिला. त्या तळव्याला जाग असती तर तो पोळून मागे आला असता. तिनं हाक मारली असती, डॉक्टरसाहेब धावत आले असते. काही झालं असतं का, मला ठाऊक नाही. त्या तापाला तेव्हा कुणाकडेच औषध नव्हतं. पण तिला कळलं तरी असतं. ती समाधानानं छताकडे बघत पडली होती. इतक्या दिवसांत घरच्या माणसाच्या उपयोगी पडता आलं, हे तिच्या चेहऱ्यावर होतं.

संध्याकाळी धुळाजी ओसरीवरच पडलेला मच्छिंद्राला सापडला. काखेत गाठ होती. त्याला शेडमध्ये नेलं.

इंद्रायणीबाईनं येऊन हे सांगितलं तेव्हा आसराबाईनं पहिल्यांदा उठायचा प्रयत्न केला. पट्ट्यांच्या गाठी पायाकडे, हात पोचत नव्हते. तिनं माझ्या दोन्ही कडा धरल्या आणि डोकं वर उचललं; कमरेतून कळ आली तशी ती परत माझ्यावर आपटली.

"सोडा मला. मी रांगत जाईन."

नर्सबाई म्हणाली, "उठलीस तर दोन पावलांत पडशील. मंग मी तुला उचलू का त्याला पाणी पाजू? सांग तूच. दोन हात हायेत मला."

आसराबाईनं माझ्या कडा सोडल्या. इंद्रायणीबाई उभीच राहिली. तिनं पट्ट्याच्या गाठीला हात लावला, काढला, पुन्हा लावला. मग ती पाणी न्यायला निघून गेली. मी दोघींचं ओझं एकाच वेळी कधी सोसलं असेल, तर ते तेव्हा.

मच्छिंद्र निरोप आणू लागला. तो तसा अबोल माणूस, पण धुळाजीचे शब्द जसेच्या तसे आणायचा. पहिला निरोप आला: "सांग त्या उलटीला, उठली तर तंगडं मोडीन. एक तर आधीच मोडल्यालं हाय." आसराबाईच्या डोळ्यांतून पाणी माझ्यावर पडलं, पण ओठ हसले. दुसऱ्या दिवशी निरोप आला, की लोकांना उठल्याबसल्या लाथा घालतीस, नवऱ्याला घालायला तुला दवाखाना लागला व्हय? पाठ आता बराबर हाय म्हणावं. तिनं उलट निरोप धाडला, की नीट पडून ऱ्हावा, मला उठू द्या, मंग दुसरी घालते.

त्यानंतर एका सकाळी मच्छिंद्र पेजेचा वाडगा घेऊन आला. खाटेपाशी उभा राहिला. म्हणाला, "धुळाजीचा निरोप हाय. त्याला बरं वाटतंय. तुमी काळजी करू नये. पेज घ्यावी."

ती त्याच्याकडे बघत राहिली. वाडग्यातली वाफ वर जात होती.

"मच्छिंद्रभाऊ," ती म्हणाली, "ह्यात शिवी न्हाई."

मच्छिंद्र खाली बघू लागला.

"कवा गेले?"

"पहाटं," तो म्हणाला.

वाडगा त्यानं खाली ठेवला आणि तिथेच जमिनीवर बसला. तिला धुळाजीचं तोंड बघायला मिळालं नाही. साथीत माती उरकून घेतात. दुपारच्या आत सगळं झालं होतं.

त्या दिवशी नर्सबाईनं येऊन तिच्या पायाच्या गाठी सोडल्या. जायचं तर जा, मी धरते, असं ती म्हणाली. आसराबाई हलली नाही. आता कुणी अडवत नव्हतं, आणि जायला जागा उरली नव्हती. थोड्या वेळानं तिनंच सांगितलं, बांधा परत. रात्रभर तिच्या पाठीतून एकच ओवी माझ्यात उतरत राहिली.

धन्याची गं माझ्या पाठ, तापली तव्यावानी
मुक्या पायाला माझ्या, सांगितलं न्हाई कुनी

मी तिच्याखालीच होते, मित्रांनो.

साथ ओसरू लागली. शेड जाळून टाकली. एका सकाळी इंद्रायणीबाईनं नेहमीसारखी काडी ओढली आणि आसराबाईचा अंगठा आत वळला. नर्सबाईनं पुन्हा ओढली. पुन्हा वळला. ती "डॉक्टरसाहेब" म्हणत बाहेर धावली. आसराबाई आपल्या पायाकडे बघत होती, घरी उशिरा आलेल्या माणसाकडे बघावं तशी. "आता आलास व्हय," इतकंच ती म्हणाली.

डॉक्टरसाहेबांनी आणखी काही दिवस निजवून मग तिला उभं केलं. एका बाजूनं मच्छिंद्र, दुसऱ्या बाजूनं नर्सबाई. तिचा उजवा पाय फरशीवर टेकला आणि ती म्हणाली की गार आहे. चाकू न लावता, नुसत्या वाळूनं आणि पडून राहण्यानं, पाय परत आला होता. डॉक्टरसाहेबांनी माझ्यावर थाप मारली आणि काम केलं फळीनं, असं म्हणाले. माझ्या आयुष्यातली ती सगळ्यांत मोठी शाबासकी. मला ती घेता आली नाही.

तिला न्यायला रखमाजी गाडी घेऊन आला. ती काठी टेकत ओसरीपर्यंत गेली. गावातली माणसं रानातून घरी परतू लागली होती, बाजार उघडला होता. ओसरीच्या पायरीवर कडूबा हमाल कमरेत वाकून बसला होता. पहिल्याच पोत्यानं त्याची पाठ धरली होती. तिला बघून तो उठायला लागला आणि म्हणाला, "आसराबाई, गाडीत बसायच्या आधी येकदा पाय लावता का?"

रखमाजी तिला म्हणाला की वहिनी, चला, ऊन वाढून राह्यलं. ती थांबली. तिनं काठी भिंतीला लावली आणि कडूबाच्या कपाळावर तळहात ठेवला. मग मानेवर. मग कानामागे. कडूबा गोंधळला. पाय मागितला, हात कशाला, असं त्यानं विचारलं.

"थांब जरा," ती म्हणाली. "रातीला थंडी वाजली का? डोकं दुखतं का? खरं सांग."

न्हाई, म्हणाला तो. पोत्यानंच झालं.

तरी तिचा हात बराच वेळ त्याच्या कपाळावरून निघेना. उघड्या दारातून मला दोघं दिसत होते. मग तिनं त्याला पाठ करून उभं केलं, भिंतीला धरून उजवा पाय उचलला आणि त्याच्या कमरेला लावला. या खेपेला तिनं लागला का, असं विचारलं नाही.

मित्रांनो, माझ्यावर पुढेही पुष्कळ पाठी निजल्या आणि बऱ्याचशा बऱ्या होऊन गेल्या. तुमच्या घरात कुणी म्हणालं, पाठ दुखते, अंग मोडून आलंय, तर त्याला नुसतं पड म्हणू नका. काय झालं असेल ते आपल्याला ठाऊकच आहे, असंही धरून चालू नका. जवळ बसा. कपाळाला हात लावून बघा, आणि हात लगेच काढून घेऊ नका. मला ताप कळला होता, पण मला हात नव्हते आणि तोंडही नव्हतं. तुम्हाला दोन्ही आहेत.